वहिवाट

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या विधिशाखेच्या पायरीवर तर
नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ असतो,
त्यामुळे शहाणे आणि आम्ही, सगळेच
कठड्याला धरून चढतो.

त्रोम्सोत दोन महिने सूर्य उगवत नाही.
अकराच्या सुमारास खाडीवर निळसर उजेड येतो,
अपुऱ्या पुराव्यासारखा,
आणि दोनच्या आत परत घेतला जातो.
मी ग्रंथालयाच्या टेबलाशी, सव्वीस वर्षं.
कोण कुठल्या पुस्तकाला कितीदा मुदतवाढ मागतं
ते मला माझ्या गोळ्यांच्या वेळांपेक्षा पाठ आहे.

रिस्तिन बूट दाराशी काढते,
नुसत्या मोज्यांनी फिरते निवाड्यांच्या कपाटांमधून.
तिचा विषय वहिवाट.
म्हणजे, एखाद्या माळावर किती वर्षं पाय पडले
की माळ आपला म्हणायचा;
आणि पाय कळपाचे असतील
तर ते कोणाच्या नावावर मोजायचे.

एका जुन्या खटल्याच्या दप्तरात
तिला तिच्याच आडनावाचा माणूस सापडला.
पुकारा तीनदा झालेला.
पुढे कारकुनाचं घोटीव अक्षर: गैरहजर.
तारीख पाहून ती हसली,
मग बराच वेळ हसली नाही.
मेचा दुसरा आठवडा.
रेनडिअर वितात तेव्हा.
ज्या माळावर हक्क सांगायला बोलावलं होतं
त्याच माळावर तो होता, गुडघाभर ओल्या बर्फात,
कुठल्याशा अडलेल्या मादीपाशी.
निकाल पाच ओळींचा आहे.

शुक्रवारी बाराला तिसऱ्या मजल्यावर वॉफल.
नियम कुठं लिहिलेला नाही, मोडत कोणी नाही:
ज्याचा लेख त्या आठवड्यात परत आला
त्यानं पीठ कालवायचं.
हाल्डिसबाई विभागप्रमुख, त्यांनीही दोनदा कालवलंय.
करकायदा शिकवणारा ब्यार्ते
साचा आपल्या घरून आणतो, इतका सराव.
वेलची मात्र सगळ्यांनी वाटून आणायची.

रिस्तिनची वेळ आली.
परीक्षकानं लिहिलं होतं:
तळटीप २१४, स्रोत पडताळता येत नाही.
तळटीप २१४ अशी होती:
काका आन्ते, स्वयंपाकघरात, सुरीला धार लावताना.
पहिलं वॉफल करपलं.
तिनं ते स्वतःच्याच ताटलीत घेतलं.
ब्यार्ते म्हणाला, मुलाखत म्हणून दाखव.
घानाचा सेलोर्म जहाजांच्या कायद्यावर काम करतो,
तो म्हणाला, आमच्या गावात झाड कोणी लावलं ते विचारतात,
झाड जिवंत असलं तर भांडण तिथंच मिटतं.
हाल्डिसबाई जॅम चाटत म्हणाल्या,
मुलाखत कसली, साक्ष आहे ती.
जरा उशिरा आलीय.
मग कोणाला तरी तास होता, सगळे उठले.

फेब्रुवारीत काका शहरात आला, दाढ काढायला.
अर्धं तोंड बधिर.
तिनं त्याला तसाच माझ्याकडं आणला.
छोट्या वाचनकक्षात मी रेकॉर्डर लावला.
मेमध्ये कुठं असता, तिनं विचारलं.
तो गप्प बसला. मी मध्ये बोलणार होतो,
तिनं बोटानं थांबवलं.
मग एकेक जागेचं नाव आलं,
ओढा, खडक, दुसरा खडक,
जिथं वारा वळतो ती जागा,
मधूनमधून रुमालानं लाळ टिपत.
एक्केचाळीस मिनिटं, त्यातली अकरा गप्प.

नोंद करताना गप्प मिनिटं कापावीत असा संकेत आहे.
मी नाही कापली.
क्रमांक दिला. भाषा: उत्तर सामी.
उपस्थितांच्या रकान्यात आधी त्याचं नाव टाकलं,
मग तिचं, माझं शेवटी.
परीक्षक काय म्हणेल, ठाऊक नाही.

जाताना तो पायरीवर थबकला,
बुटाच्या टाचेनं बर्फ खरवडला,
आणि अर्ध्या तोंडानं म्हणाला,
खडी काय टाकता, राख टाका.

तेव्हापासून रोज सकाळी मी घरच्या चुलीतली
एक बादली घेऊन येतो.
कुठल्या नियमानं, ते अजून
कोणी विचारलेलं नाही.